मायलेकींना आणायला

रविवार, १० फेब्रुवारी १९५७. भाऊचा धक्का, मुंबई.

हजर : मी, वहिनी, आणि सामान उचलायला धक्क्यावर आलेला आमच्या गावचा भिवा. सामान : एक वळकटी, दोन पिशव्या, तांदळाचे बोचके आणि मेथी-अळिवाच्या लाडवांचा पत्र्याचा डबा. हा डबा वहिनींनी मालवणपासून मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

कामे निघतानाच लिहून घेतली होती. पहिले काम, शेवंती आणि तिची मुलगी या दोघींना गावी आणणे. बाकीची किरकोळ : शाळेसाठी महाराष्ट्राचा नकाशा, दादाच्या चष्म्याची काच, गिरगावात कुमुदची भेट.

शेवंती म्हणजे दादा-वहिनींची मुलगी, माझी भाची. तिचे पहिले बाळंतपण आमच्याकडे व्हायचे होते. पण सातव्या महिन्यात तिच्या सासूचा हात मोडला. सासूची लालबागला खाणावळ आहे आणि आमच्या गावचे गिरणीतले पुरुष तिथेच जेवतात. शेवंतीचा नवरा परदेशी जाणाऱ्या बोटीवर खलाशी, तो तेव्हा समुद्रावर होता. "मी गेलंय तर ह्येंका भाकऱ्यो कोण थापतलो?" असे म्हणून शेवंती राहिली. मुलगी झाली, आणि चार दिवसांत बाळंतिणीला ताप भरला. तिला परळच्या इस्पितळात ठेवल्याचे कळले तेव्हा मी शाळेतून रजा घेतली आणि आम्ही दोघी बोटीत बसलो. मुलीला वरचे दूध चालू असेल, असे आम्ही धरून चाललो होतो.

लालबाग

चाळीत शिरताना भिंतीवर पुरुषभर उंचीची अक्षरे दिसली : मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. गावी आम्ही हे वर्तमानपत्रात वाचतो. इथे ते जिन्यावर, पाण्याच्या टाकीवर, शौचकूपाच्या दारावरसुद्धा होते. निवडणूक तोंडावर आली होती. रविवार असल्यामुळे सगळे पुरुष घरी होते, आणि जेवण झाले की सभेला जायचे म्हणून पंगत लवकर बसली होती.

शेवंतीच्या सासूला सगळी चाळ मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणेन. ठेंगणी, घाऱ्या डोळ्यांची बाई. मोडलेला हात सांधला होता, पण मनगट जरा वाकडेच राहिले होते. तिने आम्हाला पाय धुवायला गॅलरीच्या टोकाला नेले. परत येतो तर पंगतीत लाडवांचा डबा उघडा, आणि प्रत्येक पानात एकेक लाडू.

"यंदाचे लाडू जरा कडूसर लागतत हां, वहिनीनू," भिवा म्हणाला. त्याचा अर्धा संपला होता.

वहिनींनी धावत जाऊन डबा ओढला. "मेल्यांनो, बाळंतिणीचे लाडू रे ते!"

सगळ्यांचे हात थांबले. एकजण तोंडातला घास गिळू की नको अशा चेहऱ्याने मावशीकडे बघत राहिला.

"खाल्लात मा?" मावशी म्हणाली. "आता बसा ओळीन, आणि पाजा पोरीक."

चूक कोणाचीच नव्हती. या खाणावळीचा रिवाज असा की बोटीने गावाहून जे येते ते आल्या आल्या सर्वांत सारखे वाटायचे. कोणाच्या नावाने आले हे विचारायचेच नाही. आमच्याकडे घराघराला फणस असूनही तो कोणाच्या हद्दीतला यावरून भांडणे होतात. इथे गावापासून इतक्या लांब कोणी डब्यावरचे नावसुद्धा बघत नाही. डब्यात तळाशी थोडे लाडू उरले होते. ते मी उचलून ठेवले.

मग मुलगी पाहिली. जोडलेल्या लुगड्याच्या झोळीत होती. जावळ भरपूर, अंगावर मांस बेताचे, पण डोळे टक्क उघडे. वहिनींनी घेतल्याबरोबर ती लुगड्यात तोंड खुपसून शोधू लागली आणि काही सापडेना म्हणून रडू लागली.

"दूध खंय ठेवलासा?" वहिनींनी विचारले.

"येयत आता. ताराबाई."

ताराबाई आली ती कडेवर आपला मुलगा घेऊन. वय पंचविशीचे, उंच, हाताला चरे पडलेले; गिरणीच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळणाऱ्या बायकांचे असेच असतात म्हणे. तिने मुलगा मावशीकडे दिला, हात धुतले, दाराशी भिंतीला टेकून बसली आणि वहिनींपुढे हात केला. वहिनींनी मूल दिले. ते एका दमात लागले आणि खोली शांत झाली.

"खंयची गो तू?" वहिनींनी कौतुकाने विचारले.

"मागच्या चाळीतली. आम्ही डिसेंबरात बौद्ध झालो."

वहिनींचा हात मुलीच्या जावळावर होता, तो त्यांनी काढून घेतला. ताराबाईने ते बघितले, पण पाजणे थांबवले नाही.

ती गेल्यावर मावशीने वहिनींना स्वच्छ सांगितले. "शेवंतीक इस्पितळात नेली तेव्हा मी पयले दोन दिवस साखरपाणी पाजलंय. गायीचा पाजलंय, पावडरीचा पाजलंय. सगळा भायर. पोरगी निळी पडाक लागली. आमच्या चाळीत अंगावर पाजणारी कोण नाय. ही आपणहून इली. मी दारात आडवी उभी रवलंय, माका कशाक खोटा बोलाचा? ती म्हणाली, मावशी, आधी बाजूक व्हा, मगे काय ता बोला. झालंय मी बाजूक."

रात्री वहिनी नीट जेवल्या नाहीत.

परळ

सोमवारी सकाळी इस्पितळात गेलो. खाटांच्या रांगेत शेवंती आम्हाला आधी ओळखूच आली नाही. गळ्याची हाडे वर आलेली, केस कापलेले. ताप उतरला होता, बुधवारी सोडणार होते. पण दूध पूर्ण आटले होते, आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितले होते की तीनचार महिने चुलीपुढे बसायचे नाही, जिने चढायचे नाहीत, मोकळी हवा पाहिजे. म्हणजे गाव.

"आत्ये, माका घराक व्हर," ती म्हणाली. "पण तिका सोडून नाय हां. तिका बघून किती दिवस झाले. माका आता तिचा तोंडसुद्धा आठवणा नाय."

"दोघींना न्यायलाच आलोय," मी म्हटले.

परत येईपर्यंत मुलीची दुपारची वेळ झाली होती. ताराबाई सात ते तीनच्या पाळीला असते. तिचा मिलिंद गिरणीच्या पाळणाघरात असतो, पण तिथे बाहेरचे मूल घेत नाहीत. म्हणून मावशी रोज मधल्या सुट्टीत मुलीला गिरणीच्या फाटकावर घेऊन जाते. त्या दिवशी मी गेले.

भोंगा झाला. ताराबाईबरोबर खात्यातल्या आणखी तिघीचौघी आल्या. फाटकाच्या आत पहारेकऱ्याची चौकी आहे, तिच्या भिंतीशी ताराबाई बसली. बाकीच्या तिच्याकडे पाठ करून गोल उभ्या राहिल्या आणि पदर पसरून एकमेकींच्या हातात धरले. कुणी कुणाला काही सांगितले नाही. रोजचेच असावे. तशाच उभ्या राहून त्या डब्यातली भाकरी खाऊ लागल्या, एका हाताने. उत्तर हिंदुस्थानी पहारेकरी रस्त्याकडे तोंड करून मिशा कुरवाळत उभा राहिला.

"काय गं तारे, आज डावी का उजवी?" एकीने न वळता विचारले.

"डावी. डावी हिची. उजवी आमच्या साहेबांची."

"साहेब तक्रार नाही करत?"

"करतो की. घरी गेल्यावर पेज पाजून गप करते. बापावर गेलाय, थोडक्यात ऐकतो."

सगळ्या हसल्या आणि पदरांचे कडे हलले. मी मात्र मिलिंदचा विचार करत होते. आठ महिन्यांचा मुलगा, पेज आत्ताशी कुठे लागलेली, आणि हक्काचे अर्धे गेलेले. मी तिला विचारले, "तुझ्या मुलाला कमी पडत नाही?"

"पडतं," ती म्हणाली. "पण तो कमीवर रडतो. ही गप पडली होती. रडणाऱ्याची मला भीती वाटत नाही, बाई."

तिचा नवरा नामदेव मी संध्याकाळी पाहिला. गेल्या वर्षी जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा तो मोर्च्यात नव्हता. कळशी घेऊन खाली उतरला होता. गोळी मांडीतून गेली. साच्यावर, म्हणजे मागावर, दिवसभर उभे राहणे आता जमत नाही, म्हणून गिरणी सुटली. घर ताराबाईच्या पगारावर चालते. नामदेव रात्रपाळीच्या लोकांचे डबे भरून देतो, निवडणुकीच्या पाट्या रंगवतो आणि तीननंतर ताराबाई अंग टेकते तेव्हा दोन मांड्यांवर दोन पोरे घेऊन बसतो. माझ्याशी बोलतानाही त्याच्या मांड्या थांबल्या नाहीत. उजवी हलवताना मात्र तो ओठ आवळत होता.

गिरगाव

माझी जुनी मैत्रीण कुमुद गिरगावातल्या एका वाडीत राहते. तिच्या खालच्या मजल्यावर लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई आहेत. बोटीच्या प्रवासाआधी मुलगी दाखवावी म्हणून मंगळवारी संध्याकाळी निघालो : मी, वहिनी, मुलगी, आणि वाटेत भूक लागली तर म्हणून ताराबाई व मिलिंद. ट्राममध्ये वहिनी खिडकीशी बसल्या आणि मला मध्ये घेतले. पलीकडे ताराबाई.

लालबागची चाळ सगळी गिरणीच्या भोंग्यावर चालते, गिरगावची वाडी ऑफिसच्या वेळेवर. कुमुदकडे साडेपाचला सगळे पुरुष एकदम घरी आले, एकसारखी धोतरे नेसून गॅलरीत बसले आणि निवडणुकीवर एकदम बोलू लागले. कुमुदने कांदेपोहे केले, वर ओले खोबरे. कोकणातल्या माणसाला मुंबईत खोबरे घालून खायला मिळाले की तो बाकीचे विसरतो. वहिनींनी दोनदा घेतले.

कुमुदच्या सासूबाईंनी ताराबाईकडे बघून विचारले, "ह्या तुमच्या कोण?"

मी उत्तर शोधत होते तेवढ्यात ताराबाईच म्हणाली, "हिची दूधवाली." सासूबाई हसल्या, कुमुद हसली, आणि चहाचे कप आले ते सगळ्यांना सारखे आले. वहिनींनी मात्र चहा नको म्हटले.

डॉक्टरीणबाईंनी मुलीला काट्यावर ठेवले, पोट दाबून पाहिले, ताराबाईच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली.

"मुलगी सावरते आहे," त्या मला म्हणाल्या. "पण आतडी अजून नाजूक आहेत. आता पुन्हा वरचे दूध दिले आणि उलटले, तर मी जबाबदारी घेणार नाही. निदान उन्हाळा संपेपर्यंत अंगावरचेच. आणि आईला गावी न्यायलाच हवे म्हणता?"

"हो."

"मग एकतर मुलगी इथे राहील, नाहीतर या बाई तिथे येतील." मग ताराबाईकडे वळून म्हणाल्या, "दोन मुलांना पाजता, स्वतः काय खाता?"

"चहा-पाव. भाकरी."

"अंडी खा. गूळ-खोबरे खा. अळीव खा. नाहीतर आधी तुम्ही पडाल आणि मागून दोन्ही मुले."

परतीच्या ट्राममध्ये मी मनाशी गावातल्या बाळंतिणी आठवून पाहिल्या. खालच्या वाडीतल्या एकीचे मूल दीड वर्षाचे, दुसरी स्वतःच हिवतापाने पडलेली. तिसरी नाही. म्हणजे ताराबाईलाच नेणे, हे उत्तर मला सोपे वाटले. राहण्याखाण्याचे आम्ही करू, नामदेवलाही नेऊ, गिरणीतल्या तिच्या जागेचे काय ते विचारू. मी ट्राममध्येच तसे लिहून टाकले.

दादर

बुधवारी शेवंतीला घरी आणले. तिने मुलीला मांडीवर घेतले आणि नुसती तिच्या तोंडाकडे बघत बसली. मावशीच्या पंगतीतले जे पुरुष खोलीतच झोपत ते वळकट्या उचलून गॅलरीत आणि जिन्यावर झोपायला गेले, म्हणजे बाळंतिणीला खोली मोकळी मिळेल. थंडी होती. भिवा जिन्याच्या वळणावर पाय दुमडून झोपतो, असे मावशीने कौतुकाने सांगितले.

ताराबाईला त्या दिवशी पाळी सुटल्यावर दादरच्या समुद्रावर फूल वाहायला जायचे होते. डिसेंबरात जिथे चिता पेटली होती तिथे. मला नकाशा दादरलाच घ्यायचा होता, म्हणून बरोबर गेले. वाळूवर तिच्यासारखी बरीच माणसे होती, फारसे बोलत नव्हती. तिने फूल ठेवले, मिलिंदला खाली टेकवून नमस्कार करायला लावला आणि पाण्याच्या कडेने चालू लागली. तिथे मी विषय काढला.

सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "कामाचं मी बघीन. माझी नणंद बदलीत लागेल माझ्या जागेवर. परत मिळाली तर मिळाली. ह्यांनाही बोटीची हवा बरी."

"मग झालं," मी म्हटले.

"झालं कसं, बाई? माझं माहेर खेडच्या अंगाला आहे. बोटीतून उतरल्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे. तुमच्या गावात मी उतरणार कुठं?"

"आमच्याकडे."

"घरात का मागच्या पडवीत?"

मी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"आणि पाणी? विहीर तुमची एकट्यांची आहे?"

"नाही. चार घरांची आहे."

"मग ती चार घरं मला दोर धरू देतील? का कुणीतरी वरून ओतणार आणि मी ओंजळ धरून बसणार?" तिचा आवाज चढला नव्हता. ती मिलिंदच्या पायाची वाळू झटकत होती. "दूध मी कुणालाही पाजीन. माझं आहे, मी देईन. नोकरी जाईल तर जाईल. पण ती ओंजळ आम्ही इथं सोडून दिली, आत्ताच, ह्याच वाळूवर. पोरीसाठीसुद्धा ती मी परत धरणार नाही. तुम्ही आधी विचारून या. हो म्हणाले तर मी पुढच्या बोटीला बसते."

नकाशा मी घेतला. नव्या राज्याची रेघ त्यावर नव्हती. दुकानदार म्हणाला, थोडे थांबा, छापावाच लागणार आहे.

पुन्हा लालबाग

घरी येऊन मी सगळे जसेच्या तसे सांगितले. शेवंतीने मुलीला आणखी जवळ ओढले. वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरातला चेडू. कोण काय म्हणता ता बघूया. वरचा दूध मी पाजीन, थोडा थोडा, बोटान."

त्यांनी त्या संध्याकाळी खरेच करून पाहिले. कोणाला न विचारता, शेवंती झोपलेली असताना, शेळीच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्याने. रात्रीच्या आत मुलीने ते दोनदा उलटले आणि तिसऱ्यांदा नुसता पिवळा फेस आला. हातपाय गार पडू लागले. वहिनीच उठल्या. पायांत काही न घालता जिना उतरून मागच्या चाळीत गेल्या आणि ताराबाईच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. आल्या त्या तिच्या मागून, मिलिंदला स्वतःच्या खांद्यावर घेऊन.

त्या वेळी मुलीला तोंडात धरण्याचेही बळ नव्हते. ताराबाई थेंब थेंब पिळून ओठांवर सोडत राहिली. वहिनी समोर बसून मुलीचे तळवे चोळत राहिल्या. बऱ्याच वेळाने मुलीने ओढले. वहिनींना हुंदका आला, पण मिलिंद जागा होईल म्हणून त्यांनी तो पदरात दाबला.

सकाळी मी तळाचे लाडू काढले. वहिनींनी डबा माझ्या हातातून घेतला, ताराबाईपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "खा गो. माझ्यादेखत खा. मगे कामाक जा."

"मावशीच्या पंगतीला वाटायचे ना? गावचा माल," ताराबाई म्हणाली.

"पंगतीचो वाटो पंगतीन खाल्लो."

पंगतीला ते लागले असावे. गुरुवारी पाळी सुटल्यावर भिवा अळीव घेऊन आला, दुसऱ्याने डिंक आणला, तिसऱ्याने नारळ, कोणी गूळ. कोण काय आणणार हे आधी न ठरवल्यामुळे मेथी कोणीच आणली नाही आणि गूळ ढिगाने आला. मी म्हटले, मला सांगितले असते तर वाटून दिले असते. भिवा म्हणाला, "बाई, पाळी गिरणीत लावतत. हंय नाय." लाडू गोडमिट्ट झाले. यावेळी डबा मावशीने कुलपात ठेवला.

शुक्रवारी मी एकटी निघाले. शेवंतीने जायला नकार दिला. मुलगी इथे तर मीही इथे. तिला चुलीपुढे बसावे लागू नये म्हणून वहिनी राहिल्या. मावशीच्या वाकड्या हाताला त्यांचा हात लागला आणि भाकऱ्या पुन्हा दोन चुलींवर होऊ लागल्या. पण मोकळी हवा चाळीत मिळत नाही. शेवंती दुपारी धापा टाकते, ते मी पाहिले आहे.

भाऊच्या धक्क्यावर वहिनी सोडायला आल्या होत्या. बोट लागल्यावर म्हणाल्या, "वन्सं, ह्येंका सांगा, माजघराशेजारची खोली सारवून ठेवा. मागली पडवी नको. आणि विहिरीचा तुम्हीच बोला. माझा कोण ऐकूचा नाय. तुमच्या शाळेत तेंची पोरा आसत."

गावी येऊन आठवडा झाला. नकाशा वर्गात लावला. दादाची काच बसली. खोलीचे सांगितले तेव्हा तो स्वतः शेण आणायला गेला. खोली परवा सारवून झाली. विहिरीच्या चार घरांपैकी एक आमचेच. उरलेल्या तिघांपैकी एकाने हो म्हटले आहे. एक म्हणतात, तिसरे काय म्हणतात ते बघू. त्या तिसऱ्यांच्या दारात मी काल दोनदा गेले. दोन्ही वेळा ते घरात नाहीत असे सांगितले, आणि दोन्ही वेळा त्यांच्या वहाणा उंबऱ्याशी होत्या.

बोटी पावसाच्या आधी बंद होतात. आज शाळा सुटल्यावर पुन्हा जायचे आहे.